चौदा गाणी आणि एकच चाल

माझं पोट डुप्लिकेट शोधण्यावर चालतं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका बांधकाम कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. माझ्या सासूबाई पुण्यात शेजारणींना सांगतात की सूनबाई दुबईत फायली लावते, आणि ते तसं खोटंही नाही. एका इमारतीचे दोन-तीन हजार नकाशे असतात, प्रत्येक नकाशा पाच-सहा वेळा बदलतो, आणि साइटवर चुकून जुना नकाशा गेला तर भिंत भलतीकडे उभी राहते. म्हणून एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या की मला चैन पडत नाही. नवी ठेवायची, जुनी उडवायची. ही खोड ऑफिसातून घरीही आली. मसाल्याचे दोन डबे, नवऱ्याचे एका रंगाचे तीन शर्ट, कशालाच माझ्या राज्यात थारा नाही. नवरा आठवडाभर फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर असतो आणि शनिवार-रविवारी घरी येतो. तो म्हणतो, देवाने आपल्याला एकच मुलगी दिली ते बरं झालं, दुसरीला तू परत पाठवलं असतंस.

माझ्या शेजारच्या टेबलावर जमैकाची एक बाई बसते. क्वांटिटी सर्व्हेयर आहे. इमारतीला किती सिमेंट, किती लोखंड लागेल ते मोजते. उंच, रुंद, हसली की दोन टेबलांपलीकडचा माणूस वळून बघणार. सात वर्षं आम्ही डबे वाटून खाल्ले. माझी साबुदाण्याची खिचडी तिला आवडते आणि तिच्या भाताला येणारा नारळाचा वास मला. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत. मी ते इथे मराठीत लिहिते आहे. तर मागच्या हिवाळ्यात ही बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी लग्नाला उभी राहिली. वर दक्षिण आफ्रिकेचा, शाळेत गणित शिकवणारा, बोलायला अगदी मोजका. रजिस्ट्रेशन अबू धाबीला आधीच उरकणार होतं. खरा सोहळा मात्र तिला समुद्राकाठी हवा होता, म्हणून माझ्या नवऱ्याने फुजैरातल्या एका लहानशा हॉटेलचं लॉन मिळवून दिलं.

त्या सोहळ्यासाठी तिने मला एक पेन ड्राइव्ह दिला. "यात गाणी आहेत. तुझ्या मुलीला दे, स्पीकर तीच सांभाळणार आहे ना?" एवढंच म्हणाली आणि मीटिंगला पळाली.

मुलीला तसाच दिला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी आधी उघडला. आत पंधरा फायली. सगळ्यांचं नाव तेच, पुढे फक्त आकडे. नावात 'रिडिम' असा एक शब्द, तोही चुकीच्या स्पेलिंगचा. मी तो आधी सुधारून 'ऱ्हिदम' केला. मग एकेक फाइल दहा-दहा सेकंद ऐकली. पहिलीत ढम, टक-टक, ढम, आणि खालून एक जाडजूड बास. दुसरीत तेच, तिसरीतही. पंधराच्या पंधरा फायलींची सुरुवात एकच आणि लांबीही जवळपास सारखी. मला बिचारीची दयाच आली. एवढी हुशार बाई, कोट्यवधींची टेंडरं भरते आणि एकच गाणं पंधरा वेळा उतरवून ठेवते! मी सगळ्यात नव्या तारखेची फाइल ठेवली आणि बाकीच्या चौदा उडवल्या. मोकळ्या झालेल्या जागेवर तिच्या फेसबुकवरून उतरवलेले तिचे लहानपणापासूनचे फोटो आणि एक व्हिडिओ भरून दिला, भेट म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेन ड्राइव्ह तिच्या हातात ठेवला तेव्हा मी चक्क शाबासकीची वाट पाहत होते.

तिने तो कॉम्प्युटरला लावला, पाहिला, पुन्हा पाहिला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "नऊ नंबर कुठाय?"

मी माझी कामगिरी सांगितली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "नऊ नंबर म्हणजे माझे डॅडी."



मग तिने मला समजावलं, एखाद्या नवशिक्याला समजवावं तितक्या शांतपणे. त्यांच्याकडे डान्सहॉल नावाचा प्रकार आहे. त्यात आधी एक वाजवलेली चाल तयार होते, नुसता ठेका आणि बास, शब्द नाहीत. तिला रिडिम म्हणतात. स्पेलिंग चुकलेलं नाही, शब्दच तसा आहे. मग त्या एका रिडिमवर जो तो गायक येऊन स्वतःचे शब्द, स्वतःची धाटणी ओततो. दहा, पंधरा, वीस गाणी एकाच चालीवर निघतात, आणि लोक ती एकामागून एक लावून नाचतात. कोणी कोणाची नक्कल केली असं कुणाच्या मनातही येत नाही. हा रिडिम तिच्या गावातल्या एका छोट्या स्टुडिओचा होता, आणि स्टुडिओच्या मालकाने त्याला त्या दिवशी दुपारी खाल्लेल्या तळलेल्या माशाचं नाव दिलं होतं. तिचे वडील मिनीबस चालवायचे. आयुष्यात एकदाच त्यांनी माइकसमोर उभं राहून गायलं, ते या रिडिमवर. बाकीची तेरा गाणी इंटरनेटवर होती. वडिलांचं कधीच कुठे चढलं नाही. चुलतभावाने जुन्या कॅसेटवरून ते उतरवून याच पेन ड्राइव्हवर दिलं, त्यानंतर वादळात घराचं छप्पर गेलं आणि कॅसेटही गेली. चुलतभावाचा लॅपटॉप त्याच्याही आधी बंद पडला होता. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती.

"त्यांच्या गाण्यावर मी चालत येणार होते," ती म्हणाली. "बापाने हात धरून आणावं तसं."

मी ठेवलेली फाइल पंधरावी होती. तिच्यात गाणंच नव्हतं, नुसता रिडिम होता. मी चौदा माणसं उडवून त्यांच्यामागचा ठेका तेवढा जपला होता.

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं. ती सोळा वर्षांची आहे आणि माझ्या मराठीला इंग्रजीतच उत्तर देते. "आई! दॅट्स लिटरली द होल पॉइंट ऑफ अ रिडिम!" ती किंचाळली. मग फोनवर तिने ती तेरा गाणी शोधून दिली, आणि पुढचे चार दिवस मेट्रोत जाता-येता मी ती ऐकली. एक जण घरमालकाला शिव्या घालत होता. एक बाई कुणा पुरुषाची अशी काही बिनपाण्याने करत होती की भाषा कळत नसूनही मी मनातल्या मनात तिला टाळी दिली. एक जण गायची पाळी आली की अर्धा मिनिट नुसता हसतो आणि मग घाईघाईने शब्द कोंबतो. एक जण आईच्या हातच्या स्वयंपाकावर गातो. दोन गाण्यांचा अर्थ मैत्रिणीने सांगितला नाही, आणि मीही खोदून विचारला नाही. चाल एक, पण तेरा माणसांचे तेरा स्वभाव. आणि हे मला ऐकू आलं नव्हतं, कारण मी प्रत्येक वेळी माणूस तोंड उघडायच्या आत बटण दाबलं होतं.

तिसऱ्या दिवशी मॉलच्या स्टेशनावर गाडी थांबली आणि मला एकदम माझं लग्न आठवलं. पुण्यातलं कार्यालय, मध्ये धरलेला अंतरपाट आणि माइकसमोर नातेवाइकांची रांग. आत्याने घरी लिहून आणलेलं मंगलाष्टक म्हटलं. मग काकांनी त्यांचं म्हटलं, त्यात अख्ख्या घराण्याची नावं होती आणि शेवटची ओळ त्यामुळे वृत्ताबाहेर लोंबत होती. मग मामी, मग नवऱ्याची मावशी. चाल तीच, शेवट तोच, 'कुर्यात् सदा मंगलम्', आणि लोक मुठीत अक्षता धरून भुकेने कासावीस. पण आत्याचं ऐकल्यावर काकांना कुणी म्हणालं का, की तुमचं डुप्लिकेट आहे, उतरा खाली? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या रिडिमवर गात आलो होतो आणि ही शहाणी त्याच घरात वाढली होती. मी तिथे, भर गर्दीत, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. शेजारचा फिलिपिनो माणूस जरा सरकून उभा राहिला.

शनिवारी नवरा मला बर दुबईतल्या एका दुकानात घेऊन गेला. उडालेल्या फायली परत काढून देणारा एक मल्याळी माणूस तिथे बसतो. त्याने माझी हकिकत ऐकली आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, डिलीट किया वो ठीक. ऊपर से फोटो क्यों भरा?" जुन्या फायलींच्या जागेवरच माझी भेट जाऊन बसली होती. नवरा म्हणाला, "भाई, कोशिश करो, बाकी इन्शाल्ला." मग बाहेर येऊन मला म्हणाला, "तू पण ना, कौतुकाने घोळ घालतेस."

चार दिवसांनी नऊ नंबर मिळाला. पूर्ण नाही, बावन्न सेकंद. तो आवाज मी पहिल्यांदा त्या दुकानात, फुटक्या स्पीकरवर ऐकला. खरखरीत, घाईतला, मध्येच खुदकन हसणारा आवाज. एका शब्दाच्या मध्यावर तो तुटायचा आणि पुढे नुसती खरखर. मैत्रिणीने हेडफोन लावून तो लागोपाठ सहा वेळा ऐकला. मग डोळे पुसून म्हणाली, "तेवढं दार उघडायला पुरेल." माझ्या मुलीने डॅडींच्या बावन्न सेकंदांच्या शेवटी तो नुसता रिडिम जोडून दिला. आवाज थांबला तरी ठेका चालू राहणार होता. मैत्रीण म्हणाली, उरलेलं अंतर मी डॅडींशिवाय चालेन. आणि एक अट घातली. "मम्मीला यातलं काही सांगायचं नाही. ती एवढ्या लांबून येते आहे ती हे गाणं ऐकायला."

मम्मी आली. ऐंशीच्या घरातली, काटकुळी, डोक्यावर कायम टोपी. मुलीच्या घरी, म्हणजे डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्यापासून तीन इमारती सोडून उतरली. मी तिला मनातल्या मनात मावशी म्हणू लागले, पण तिच्या नजरेला नजर द्यायची माझी छाती नव्हती. ती भेटली की मी हवेवर बोलायचे, भाजीवर बोलायचे. ती माझ्याकडे टक लावून बघायची आणि म्हणायची, "तू फार घाबरट बाई आहेस गं."

प्रायश्चित्त म्हणून मी ठरवलं की त्या रिडिमवर आपण मंगलाष्टक म्हणायचं. मैत्रिणीला ही कल्पना इतकी आवडली की तिने टाळ्या पिटल्या. आता मागे हटता येईना. दोन ओळी करायला मला एक आठवडा लागला:

सातासागरपार गोड कवने गाऊन गेला पिता,
बापाचा सुर हा मुलीस मिळु दे, कुर्यात् सदा मंगलम्.

'सूर' आणि 'मिळू' या दोघांचे पाय मी वृत्तासाठी आखूड केले आहेत, ते मला माहीत आहे. माझ्या काकांच्या मानाने हे काहीच नाही. खरी पंचाईत वेगळीच होती. मंगलाष्टक सावकाश, हेलकावे घेत चालतं आणि तो रिडिम चढावर निघालेल्या मिनीबससारखा धक्के देत जातो. फुजैराच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना काळे डोंगर, आम्ही तिघं गाडीत तालीम करायचो. नवरा स्टिअरिंगवर ठेका धरायचा. मी 'पिता'पर्यंत पोचायचे तोवर ढम दोनदा होऊन गेलेलं असायचं. "यल्ला यल्ला, उचल जरा!" तो ओरडायचा. मागून मुलगी म्हणायची, "आई, यू आर सो लेट, इट्स लाइक अ डिफरंट साँग." शेवटी तिनेच शोधून काढलं की अर्ध्या वेगाने म्हटलं, प्रत्येक दोन ठेक्यांना एक अक्षर, तर ते बसतं. ते बसलं तेव्हा आम्ही गाडीत असे ओरडलो की शेजारच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

लग्न दुपारी चारला होतं. वारा सुटलेला, लांबवर तेलाची जहाजं रांगेत उभी, लॉनवर चाळीस-एक माणसं. मुलीने बटण दाबलं. ढम, टक-टक, ढम, आणि तो खरखरीत आवाज समुद्रावर पसरला. लॉनच्या त्या टोकाला पिवळ्या साडीत नवरी दिसली. साडी माझी, नेसवलीही मीच. ती वडिलांच्या आवाजाबरोबर चालू लागली. जमैकाची जी पाच-सहा माणसं होती ती उभी राहून हात हलवायला लागली. मी मात्र मनात सेकंद मोजत होते. चाळीस. पंचेचाळीस. बावन्न.

आवाज तुटला. ठेका तसाच पुढे निघाला, एकटा. नवरी लॉनच्या मध्यावर होती आणि तिचं पाऊल अडखळलेलं मला दिसलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मावशी उठली. टोपी सावरली आणि तुटलेला शब्द जिथे तुटला होता तिथूनच उचलला. आवाज म्हातारा, पण ठेका पक्का. गात गात ती मुलीपर्यंत गेली, तिचा हात धरला, आणि दोघी पुढे चालू लागल्या. शब्द मला कळले नाहीत. एवढंच कळलं की दोघी हसत होत्या आणि अबोल वर या टोकाला ढसाढसा रडत होता.

त्यानंतर जो आला तो त्या रिडिमवर गायला. वराच्या भावाने त्यांच्या झुलू भाषेत काहीतरी म्हटलं. आमच्या ऑफिसातला इजिप्शियन इंजिनियर "हबीबी, हबीबी" एवढंच तीन मिनिटं म्हणत राहिला आणि तेही चाललं. मग मी उभी राहिले. पहिल्या ओळीला दोनदा चुकले, तिसऱ्यांदा ठेक्यात बसले. नवऱ्याने आणि मुलीने 'शुभ मंगल सावधान'ला असा आवाज लावला की चाळीस माणसं दुसऱ्या खेपेला आपोआप 'सावधान' म्हणाली. अक्षता म्हणून लोकांनी गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या, त्या अर्ध्या वाऱ्याने समुद्रात नेल्या. इतकी मनापासून मी माझ्या स्वतःच्या लग्नातही हसले नव्हते.

जेवताना मावशीने मला खुणेने जवळ बोलावलं. "माझा नवरा तिथेच अडकायचा," ती म्हणाली. "स्टुडिओतही तिथेच अडकला. मी मागे उभी राहून पुढचे शब्द सांगत होते. आज पण सांगितले." माझा जीव भांड्यात पडला. देव आहे, असं वाटलं. म्हणजे गाणं मुळातच तिथे अडखळणारं होतं, आणि मी केलेलं नुकसान जवळजवळ काहीच नव्हतं! मी उठून दुसऱ्यांदा ताट भरून आणलं.

सोमवारी ऑफिसात मी हे मैत्रिणीला सांगितलं. ती हसत सुटली. "मम्मी? स्टुडिओत? अगं, बसचं काम सोडून गाणी गात बसले म्हणून ती डॅडींशी महिनाभर बोलत नव्हती. तिने त्या स्टुडिओचं तोंडही पाहिलेलं नाही. तिचा राग जावा म्हणून ते रोज घरी तेच गाणं म्हणायचे, अगदी शेवटपर्यंत. पहिल्या शब्दापासून अखेरच्या शब्दापर्यंत, एकदाही न अडखळता."

"मग तिला कळलं कसं?"

"मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं."

संध्याकाळी मी थेट तिच्या घरी गेले. मावशी बॅग भरत होती, दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. मी दारातच उभी राहून सगळं कबूल केलं, डुप्लिकेट, स्पेलिंग, वरून भरलेले फोटो, सगळं. बोलताना रडायलाही आलं आणि मी रडले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, टोपीची घडी केली, बॅगेत ठेवली आणि पलंगावर हात थोपटून मला बसायला सांगितलं.

"ते राहू दे. तू माझ्या नवऱ्याबद्दल काय गायलीस ते सांग. मला एक अक्षर कळलं नाही."

मी मंगलाष्टक म्हटलं, ठेक्याशिवाय, आणि ओळी-ओळीचा अर्थ सांगत गेले. सात समुद्रांपलीकडे, गोड गाणी, गाऊन गेलेला बाप.

"गोड?" ती एकदम थांबवत म्हणाली. "गोड कुठला! बोकडासारखा आवाज होता त्या माणसाचा."

मी म्हटलं, चुकलं असेल तर शब्द बदलते, एवढ्यात बदलते, तुम्ही फक्त सांगा काय हवं ते. माझा हात सवयीने पर्समधल्या पेनाकडे गेला होता.

तिने तो हात धरला. "नको," ती म्हणाली, आणि बराच वेळ सोडला नाही. "गोडच राहू दे."